बीजगणित : आपल्याच घरची विद्या



पाचवी-सहावीपर्यंत ज्या मुलाची गणिताशी बऱ्यापैकी मैत्री असते, तेच मूल समीकरणे सुरू झाली की एकाएकी गप्प होते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. घर अंधेरीचे असो वा घाटकोपरचे, बोरिवलीचे असो वा मुलुंडचे, आणि माध्यम मराठी असो, उर्दू असो वा इंग्रजी, चित्र सारखेच दिसते. तोवर बेरीज, वजाबाकी, शेकडेवारी, नफा-तोटा यांत अब्बा किंवा आई काहीतरी सांगू शकत होती. वहीत 'एक्स' हे अक्षर आले की घरातली मोठी माणसे म्हणतात, "हे काही आमच्या वेळी नव्हते बाबा, तू सरांनाच विचार." त्या दिवसापासून मूल आणि घर यांच्यामध्ये एक भिंत उभी राहते.

ही भिंत महागात पडते. आठवीत ज्याचे समीकरण कच्चे राहिले, त्याची नववी-दहावी अडखळत जाते. दहावीच्या गणितात जो अडकला, त्याला विज्ञान शाखा, तंत्रनिकेतनाचा डिप्लोमा आणि कितीतरी नोकऱ्यांचे दरवाजे बंद झालेले आढळतात. आणि ती मुलगी असेल, तर "आता शिक्षण पुरे" हे वाक्य घरात फार लवकर उच्चारले जाते. म्हणून हा विषय परीक्षेतील गुणांपुरता नाही, मुलाच्या पुढील आयुष्याचा आहे.

या लेखात आपणांस बीजगणिताचा थोडा इतिहास सांगावयाचा आहे. त्यामागे दोन हेतू आहेत. पहिला हा, की ही विद्या परकी नसून दोन्ही बाजूंनी आपल्याच घरची आहे, हे मुलाला कळावे. दुसरा हेतू अधिक व्यवहाराचा आहे. ही विद्या माणसाने कोणत्या क्रमाने शिकली हे ध्यानात घेतले, तर ती मुलाला कोणत्या क्रमाने शिकवावी हेही आपोआप समजते. आणि त्या क्रमाच्या पहिल्या पायरीवर, स्वतः बीजगणित न शिकलेले आईबापसुद्धा मुलाचा हात धरू शकतात.

दोन शब्दांची कहाणी

इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या आरंभी बगदाद हे जगातील एक मोठे विद्येचे केंद्र होते. खलिफा अल-मामून (राज्यकाळ ८१३ ते ८३३) याच्या आश्रयाला 'बैतुल हिकमत' या संस्थेत देशोदेशींच्या ग्रंथांचा अभ्यास चाले. त्या विद्वानांत मुहम्मद बिन मूसा अल-ख्वारिज्मी हा गणिती होता. त्याचे घराणे ख्वारिज्म प्रांतातले, म्हणजे आजच्या उझबेकिस्तानकडचे. त्याने सुमारे ८२० साली एक ग्रंथ लिहिला. त्याचे नाव 'अल-किताबुल मुख्तसर फी हिसाबिल जब्र वल मुकाबला'. नावातला 'अल-जब्र' हा शब्द लॅटिन भाषांतरांतून युरोपभर गेला व त्याचेच 'अल्जिब्रा' झाले. ग्रंथकर्त्याच्या नावापासून 'अल्गोरिदम' हा शब्द निघाला, जो आज प्रत्येक संगणकाच्या पुस्तकात आढळतो.

हा ग्रंथ पंडितांच्या करमणुकीसाठी लिहिलेला नव्हता. वारसाहक्काची वाटणी, मृत्युपत्रे, भागीदारी, व्यापार, जमिनीची मोजणी, कालव्यांची खुदाई अशा रोजच्या कामांत लोकांना जो हिशेब लागतो तो सोपा करून सांगावा, हा आपला हेतू त्याने प्रस्तावनेत नमूद केला आहे. ग्रंथाचा फार मोठा भाग तर केवळ वारसा आणि वसीयत यांच्या उदाहरणांनी व्यापलेला आहे. ज्या समाजात मयताच्या मालमत्तेचे हिस्से शरीअतने ठरवून दिलेले आहेत, त्या समाजात असा हिशेब हे न्यायाचे साधन होते. वाटणी चुकली तर कोणा बहिणीचा, कोणा विधवेचा हक्क बुडतो.

आता नावातले दोन शब्द पाहा. उर्दूत 'जब्र' म्हणजे आज सक्ती, जुलूम. मुलांना बीजगणित तसेच वाटते, ही गोष्ट वेगळी! परंतु अरबीत या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे : मोडलेले पुन्हा जोडणे, तुटलेले पूर्ववत करणे. स्पेनमध्ये अरबांच्या प्रभावामुळे हाडवैद्याला 'अल्जेब्रिस्ता' म्हणत असत. गणितात जब्र म्हणजे एका बाजूला जी उणीव आहे ती भरून काढणे, आणि तेवढेच दुसऱ्या बाजूलाही देणे. 'मुकाबला' म्हणजे दोन्ही बाजू समोरासमोर ठेवून जे दोहोंकडे समान आहे ते दोहोंकडून काढून टाकणे. उणीव भरा आणि समान ते वगळा, या दोनच कृतींवर शाळेतले प्रत्येक साधे समीकरण सुटते.

ना अक्षर, ना चिन्ह

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला नवल वाटेल, पण अल-ख्वारिज्मीच्या त्या ग्रंथात एकही 'एक्स' नाही. अधिकचे चिन्ह नाही, उणेचे नाही, बरोबरचेही नाही. सारे समीकरण शब्दांत लिहिलेले. अज्ञात संख्येला तो 'शै', म्हणजे 'वस्तू' म्हणतो, किंवा 'जिज्र', म्हणजे 'मूळ'. 'एका वस्तूची तिप्पट आणि पाच मिळून वीस होतात,' अशा धाटणीचे ते गणित असते.

चिन्हे फार पुढे आली. अधिक-उणेची चिन्हे १४८९ साली जर्मनीत छापलेल्या एका व्यापारी गणिताच्या पुस्तकात दिसतात. दोन समांतर रेषांचे 'बरोबर' हे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्सच्या गृहस्थाने १५५७ साली प्रथम वापरले, आणि कारण असे दिले की, दोन समांतर रेषांइतक्या सारख्या दुसऱ्या कोणत्याही दोन गोष्टी नाहीत. अज्ञात राशीला 'एक्स' म्हणण्याची आजची पद्धत फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याच्या १६३७ सालच्या ग्रंथापासून रूढ झाली.

म्हणजे ८२० पासून १६३७ पर्यंत, आठशेहून अधिक वर्षे, थोर थोर गणिती शब्दांतून चिन्हांकडे हळूहळू चालत आले. आणि आपण मुलाकडून अपेक्षा करतो की, हे सारे अंतर त्याने पस्तीस मिनिटांच्या एका तासिकेत ओलांडावे! मूल अडते ते बुद्धी कमी म्हणून नव्हे. शब्दांची पायरी गाळून त्याला एकदम चिन्हांच्या पायरीवर उभे केलेले असते.

सह्याद्रीजवळचा भास्कर

हा झाला बगदादचा वारसा. आता आपल्या महाराष्ट्राचा पाहू. बीजगणितात भारताचे स्थान अल-ख्वारिज्मीच्या आधीपासूनचे आहे. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली 'ब्राह्मस्फुटसिद्धांत' लिहिला आणि त्यात धन व ऋण संख्यांचे नियम दिले. अल-ख्वारिज्मीनेही भारतीय अंकपद्धतीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. विद्येची ही देवघेव दोन्ही दिशांनी चालू होती.

१११४ साली जन्मलेला भास्कराचार्य सह्याद्रीच्या परिसरातील विज्जलविड नावाच्या गावचा. त्याचे 'लीलावती' व 'बीजगणित' हे ग्रंथ सुमारे ११५० सालचे. अज्ञात राशीला भारतीय गणिती 'यावत्तावत्', म्हणजे 'जेवढे असेल तेवढे' असे म्हणत, आणि थोडक्यात 'या' लिहीत. अज्ञात राशी एकाहून अधिक असल्या तर त्यांना रंगांची नावे देत : काळ्यासाठी 'का', निळ्यासाठी 'नी', पिवळ्यासाठी 'पी'. आजच्या मुलाला 'एक्स, वाय, झेड' म्हणताना जी भीती वाटते, ती 'काळा, निळा, पिवळा' म्हणताना वाटेल काय?

भास्कराचार्याच्या 'बीजगणित' ग्रंथातील एक उदाहरण आपल्या शब्दांत सांगतो. दोन माणसे आहेत. पहिल्याजवळ रोख ३०० रुपये आणि ६ घोडे. दुसऱ्याजवळ १० घोडे, पण त्याच्या डोक्यावर १०० रुपये कर्ज. घोडे सारे एका किमतीचे. दोघांची मालमत्ता अगदी बरोबरीची. तर एका घोड्याची किंमत काय?

भास्कराचार्याच्या पद्धतीने दोन्ही बाजू एकाखाली एक अशा मांडल्या जातात :

या ६ रू ३००
या १० रू १००

'रू' म्हणजे रूप, माहीत असलेली संख्या. खालच्या १०० च्या डोक्यावर एक टिंब देत असत. टिंब म्हणजे ऋण, म्हणजेच कर्ज. आजचा विद्यार्थी हेच असे लिहील. ('एक्स'ऐवजी आपण येथे 'क्ष' घेऊ.)

६क्ष + ३०० = १०क्ष − १००

आता भास्कराचार्याचे हे उदाहरण अल-ख्वारिज्मीच्या दोन शब्दांनी सोडवून पाहू या. पहिली कृती जब्र. उजव्या बाजूला १०० ची उणीव आहे. ती भरून काढू, म्हणजे त्या माणसाचे कर्ज फेडू. पण दोघांची बरोबरी कायम राहावयाची तर पहिल्यालाही १०० दिले पाहिजेत. म्हणून :

६क्ष + ४०० = १०क्ष

दुसरी कृती मुकाबला. दोघांकडे निदान ६ घोडे आहेतच. दोघांचेही ६ घोडे बाजूला नेऊन बांधा. बरोबरी बिघडत नाही. उरले :

४०० = ४क्ष

चार घोडे ४०० रुपयांचे, तर एक घोडा १०० रुपयांचा. ताळा पाहा. पहिला माणूस : ३०० अधिक ६०० म्हणजे ९००. दुसरा : १००० वजा १०० म्हणजे ९००. दोघेही बरोबर. खानदेशाच्या अंगणातले कोडे बगदादच्या किल्लीने उघडले, आणि कोठेही काही घोकावे लागले नाही.

बाजाराच्या वाट्यातून उभी राहिलेली शाळा

घाटकोपर, मुलुंडवरून जाणारे मध्य रेल्वेचे रूळ पुढे कल्याण, नाशिक, मनमाड करीत जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावला पोहोचतात. चाळीसगावजवळ डोंगराच्या कुशीत पाटण नावाचे जुने ठिकाण आहे. तेथे १२०७ सालचा एक शिलालेख आहे. मुंबईचे प्रसिद्ध डॉक्टर व संशोधक भाऊ दाजी यांनी तो एकोणिसाव्या शतकात विद्वानांच्या नजरेस आणला.

त्या लेखात असे कोरले आहे की, भास्कराचार्याचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता आणि त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापन केला. निकुंभ घराण्यातील स्थानिक अधिपतींनी त्याला दान दिले. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि आपल्यासारख्या शिक्षणसंस्थेच्या मंडळींनी तो अवश्य लक्षात ठेवावा. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाई, त्यावरील राजाच्या उत्पन्नातला वाटा मठाला दिला होता. गावात जितके तेलाचे घाणे चालत, तितक्यांकडून प्रत्येकी पळीभर तेल मठाला ठरवून दिले होते.

म्हणजे आठशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात गणिताची पाठशाळा चालली ती राजाच्या दानाबरोबर दुकानदाराच्या आणि तेल्याच्या वाट्यावर! पुढे मुंबईतही हेच घडले. १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी व त्यांचे सहकारी यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली, आणि सर महंमद युसूफ यांच्या देणगीतून जोगेश्वरीच्या टेकडीवर १९३० साली इस्माईल युसूफ कॉलेज सुरू झाले. विद्या टिकते ती अशी, पळी पळी तेलाने.

संस्कृतातून फारसीत

या कहाणीत आणखी एक दुवा आहे. अकबर बादशहाच्या आज्ञेने फैजीने १५८७ साली 'लीलावती'चे फारसी भाषांतर केले. पुढे शहाजहानच्या काळात, १६३४-३५ च्या सुमारास, अताउल्लाह नावाच्या विद्वानाने भास्कराचार्याचे 'बीजगणित' फारसीत आणले. हा अताउल्लाह म्हणजे ताजमहालाचा शिल्पकार म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, त्या उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, 'बीबी का मकबरा' या वास्तूचा शिल्पकार म्हणून तेथील दरवाजावर अताउल्लाह हे नाव आहे, आणि तो हाच होय असे मानले जाते. त्याच्याबरोबर हंसपतराय या कारागिराचेही नाव तेथे आहे.

चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून गेले की मकबऱ्याचे ते शहर येते. घाटाच्या एका अंगाला भास्कराच्या नातवाचा मठ, दुसऱ्या अंगाला भास्कराच्या भाषांतरकाराची इमारत. पुढे अताउल्लाहच्या फारसी प्रतीवरूनच एडवर्ड स्ट्रेची याने १८१३ साली 'बीजगणित' इंग्रजीत नेले, आणि १८१७ साली कोलब्रुकचे मूळ संस्कृतावरून केलेले भाषांतर प्रसिद्ध झाले. तेव्हा युरोपच्या वाचकाला महाराष्ट्राच्या या गणितीचे बीजगणित प्रथम भेटले ते एका मुसलमान शिल्पकाराच्या लेखणीतून. म्हणून एखादे मूल "हे आपले नाही" असे म्हणेल, तर त्याला ही हकिकत जरूर सांगा.

मग मुलाचे अडते कोठे?

इतिहासाचा हा प्रकाश आता मुलाच्या वहीवर टाकू या. बहुतेक चुका तीन ठिकाणी होतात.

पहिली चूक 'बरोबर' या चिन्हाची. पहिलीपासून मुलाने या चिन्हाचा अर्थ 'आता उत्तर लिहा' असा घेतलेला असतो. आपल्या मुलासमोर एवढेच लिहून पाहा :

८ + ४ = □ + ५

पुष्कळ मुले चौकटीत १२ लिहितात. बरोबर उत्तर ७ आहे. ज्याने १२ लिहिले त्याला बेरीज येते, पण चिन्ह समजलेले नाही. रेकॉर्डच्या त्या दोन समांतर रेषा म्हणजे तराजूची दांडी आहे. डाव्या पारड्यात जे वजन, तेच उजव्या पारड्यात. बाजारात आता बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रॉनिक काटे आले आहेत. मुलाने दोन पारड्यांचा तराजू पाहिलेलाच नसेल, तर एखाद्या जुन्या दुकानात नेऊन तो दाखवावा, किंवा घरी पट्टी, दोरा व दोन झाकणे घेऊन बनवावा.

दुसरी चूक 'बाजू बदलली की चिन्ह बदलते' या नियमाची. नियम खोटा नाही. पण तो जब्र व मुकाबला यांचा संक्षेप आहे, आणि मूळ न समजता घोकलेला संक्षेप धोका देतो. ३क्ष + ५ = २० असताना मूल कधी ३क्ष = २५ लिहिते, कधी ३क्ष = १५ पर्यंत नीट येऊन पुढे क्ष = १५ − ३ = १२ करते. संख्या पलीकडे उडी मारून जात नाही आणि रंगही बदलत नाही. आपण दोन्ही पारड्यांतून ५ काढतो, म्हणून ती डावीकडे दिसेनाशी होते. तीन वस्तू मिळून १५ होतात, तेव्हा दोन्ही पारड्यांचे तीन सारखे भाग करतो, म्हणून एक वस्तू ५ ची. एवढे समजले की मूल पुढे खुशाल संक्षेप वापरो.

तिसरी चूक अक्षराची. मुलाला वाटते की 'क्ष' म्हणजे काही वस्तूच आहे. क्ष म्हणजे घोडा नव्हे, घोड्याची किंमत. पेन नव्हे, पेनांची संख्या किंवा एका पेनाचे पैसे. म्हणून प्रत्येक शाब्दिक उदाहरणाची पहिली ओळ पूर्ण वाक्यात लिहावी : 'एका घोड्याची किंमत क्ष रुपये मानू.' ही ओळ गुणांसाठी नाही, विचारासाठी आहे.

पालकांनी काय करावे?

पालकहो, आपण किती शिकलात हा प्रश्न येथे गौण आहे. पुढील चार गोष्टींना पदवी लागत नाही.

एक : मुलाला समीकरण आधी शब्दांत बोलायला सांगा. "हे मला आपल्या बोलीत सांग," एवढेच म्हणा. ३क्ष + ५ = २० याचे त्याने "एका संख्येची तिप्पट केली, त्यात पाच घातले, तर वीस झाले," असे भाषांतर केले की निम्मे काम झाले. घरी मराठी बोलत असाल तर मराठीत, कोकणी, उर्दू वा दखनी बोलत असाल तर तीत. अल-ख्वारिज्मीने बोलूनच गणित केले होते.

दोन : प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा : "दोन्ही बाजूंना काय केलेस?" मुलाला उत्तर देता आले, तर ती ओळ बरोबर असण्याचा संभव फार. "सरांनी सांगितले म्हणून केले," असे उत्तर आले, तर तेथेच थांबा.

तीन : ताळा मागा. क्ष = ५ आले, तर ते मूळ समीकरणात घालून बघायला सांगा : तीन पाचे पंधरा, अधिक पाच, वीस. जुळले! यासाठी आपल्याला फक्त पाढे आणि बेरीज यावी लागते. ज्या आईने चौथीनंतर शाळा पाहिली नाही, तीसुद्धा आठवीच्या मुलाचे समीकरण अशा रीतीने तपासू शकते. ताळ्याचे मोल असे की, उत्तर खरे की खोटे हे ठरविण्यासाठी मुलाला कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही.

चार : उदाहरणे घरातली घ्या. वारसाहक्काचे एक उदाहरण पाहा. एका गृहस्थाच्या मागे ८४,००० रुपये राहिले. त्याच्यावर ४,००० रुपये कर्ज होते. वसीयत नाही. मागे एक मुलगा व दोन मुली, अन्य वारस कोणी नाहीत, असे समजू. कर्ज आधी फेडावयाचे, मग मुलाला मुलीच्या दुप्पट हिस्सा. एका मुलीचा हिस्सा क्ष रुपये मानू. दोन मुलींचे दोन क्ष, मुलाचे दोन क्ष, म्हणजे :

४क्ष + ४,००० = ८४,०००

दोन्हीकडून ४,००० काढा. ४क्ष = ८०,०००. म्हणून क्ष = २०,०००. प्रत्येक मुलीला २०,०००, मुलाला ४०,०००. ताळा : २०, २० आणि ४० मिळून ८० हजार, अधिक कर्जाचे ४ हजार, एकूण ८४ हजार. प्रत्यक्ष वाटणीचा मसला अर्थातच जाणकारांना विचारूनच सोडवावा. पण आपल्या हक्काचा आकडा स्वतः काढता येणारी मुलगी, आणि बहिणीचा हक्क स्वतः काढून देणारा मुलगा, हे दोन्ही घराला बरकत देणारे आहेत.

आणखी एक विनंती. रोज पंधरा मिनिटे पुरेत, आणि त्या पंधरा मिनिटांत रागावणे नको. एका बैठकीला तीन उदाहरणे घ्यावीत, पण ताळ्यासकट. चूक सापडली तर ती खोडरबराने पुसू नये. खाली नवी ओळ लिहावी, म्हणजे कोठे घसरलो हे मुलाला पुन्हा पाहता येते. एखाद्या दिवशी मुलालाच शिक्षक करावे आणि आपण शिष्य व्हावे. जे दुसऱ्याला समजावता आले ते आपले झाले.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटी दोन शब्द तुमच्यासाठी. समीकरणात जे अज्ञात आहे त्याला घाबरू नका. अल-ख्वारिज्मीने त्याला साधी 'वस्तू' म्हटले, भास्कराचार्याने 'जेवढे असेल तेवढे' म्हटले. त्याला नाव द्या, तराजूच्या पारड्यात ठेवा, उणीव असेल ती भरा, समान असेल ते दोन्हीकडून काढा. राहील ते उत्तर. मग ताळा पाहा, आणि तो जुळला की वही आईसमोर ठेवा. तिला तपासू द्या. तिला ते येते.